परदेशातली इलेक्ट्रॉनिक खरेदी आणि सीमाशुल्क : एका जुन्या प्रश्नाचा आढावा

परदेशातून परतणारा भारतीय प्रवासी फोन, लॅपटॉप, कॅमेरा किंवा गेमिंग कन्सोल सोबत आणतो, तेव्हा कायद्याच्या लेखी ती वस्तू एकाच वेळी दोन गोष्टी असते : प्रवाशाचे खासगी सामान आणि देशात येणारा आयात माल. सामान म्हटले की सवलत मिळते, आयात म्हटले की शुल्क लागते. या दोहोंमधली रेघ कुठे ओढायची, हा सीमाशुल्काच्या धोरणातला जुना प्रश्न आहे. रकमा आणि वस्तू बदलत गेल्या, तरी तो पुरता मिटलेला नाही. या लेखात भारतातील हवाई प्रवाशांपुरता त्याचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी : टंचाईच्या काळापासून

स्वातंत्र्यानंतरची चार दशके परकीय चलनाच्या टंचाईची होती. आयातीला परवाना लागे आणि ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी तो सहसा मिळत नसे. १९६२ चा सीमाशुल्क कायदा आणि १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे ‘फेरा’, यांनी ही चौकट पक्की केली. ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर आणि पुढे व्हीसीआर या वस्तू सर्वसामान्यांच्या घरात येण्याच्या वाटा मोजक्याच होत्या. नोकरीनिमित्त बाहेर असलेला नातेवाईक त्या घेऊन येई, नाहीतर त्या चोरट्या बाजारातून येत. चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी १९७४ मध्ये ‘कॉफेपोसा’ हा प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा कायदा करावा लागला. त्या व्यापाराने केवढा जोर धरला होता, हे त्यावरून लक्षात येते.

महाराष्ट्राचा आणि गोव्याचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. सत्तरच्या दशकात आखातात तेलाचा पैसा आला आणि रत्नागिरी, रायगड तसेच गोव्यातून कामगार, खलाशी आणि कारकून मोठ्या संख्येने तिकडे गेले. सुट्टीवर येताना टू-इन-वन, मिक्सर, कॅमेरा आणणे हा या घरांतला रिवाज झाला. मुंबईत मनीष मार्केट, मुसाफिरखाना, हीरा पन्ना ही नावे ‘फॉरेनच्या मालासाठी’ सर्वतोमुखी झाली. ज्याच्या घरचे कोणी परदेशी नव्हते, तो या बाजारांत जाऊन तीच वस्तू बिलाविना आणि वॉरंटीविना घेई.

१९९१ नंतरच्या उदारीकरणाने परिस्थिती बदलली. ‘फेरा’ची जागा २००० मध्ये परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने, म्हणजे ‘फेमा’ने, घेतली, आणि १ एप्रिल २००१ पासून ग्राहकोपयोगी वस्तूंवरची उरलेली संख्यात्मक आयातबंधने उठली. त्याआधी, १९९७ मध्ये, भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला होता, त्यामुळे संगणक आणि अनेक सुट्या भागांवरचे मूळ सीमाशुल्क पायरीपायरीने शून्यावर आले. वस्तू मिळत नाही, ही अडचण संपली. आता प्रश्न उरला तो किमतीतल्या फरकाचा.

शुल्कमुक्त मर्यादेचा प्रवास

प्रवाशाला शुल्क न भरता आणता येणाऱ्या मालाची रक्कम वेळोवेळी वाढत गेली. २०१२ मध्ये ती २५,००० वरून ३५,००० रुपये झाली, जुलै २०१४ च्या अर्थसंकल्पात ४५,००० आणि १ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या सामान नियमांत ५०,००० रुपये. त्यानंतर जवळपास दहा वर्षे ती तशीच राहिली. २ फेब्रुवारी २०२६ पासून अमलात आलेल्या नव्या सामान नियमांनी ती भारतीय रहिवाशांसाठी ७५,००० रुपये केली.

२०१६ ते २०२६ हा मधला काळ या चर्चेत महत्त्वाचा ठरतो. याच दशकात वरच्या श्रेणीतल्या फोनची किंमत लाखाच्या पलीकडे गेली आणि रुपयाही डॉलरच्या तुलनेत बराच घसरला. त्यामुळे २०१६ मध्ये ज्या रकमेत एक चांगला फोन सहज बसत असे, तिच्यात दशकाच्या शेवटी त्याच दर्जाचा फोन बसेनासा झाला. मर्यादा कागदावर स्थिर होती, प्रत्यक्षात ती आकसत होती.

आजची चौकट

या व्यवस्थेचा पाया १९६२ च्या कायद्यातच आहे. कलम ७७ प्रवाशाला आपले सामान घोषित करायला सांगते. कलम ७९ खऱ्याखुऱ्या वैयक्तिक सामानाला, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, शुल्कातून सूट देते. विमानतळावर याचे रूप म्हणजे दोन वाटा : काहीही शुल्कपात्र नसणाऱ्यासाठी ग्रीन चॅनल आणि घोषणा करणाऱ्यासाठी रेड चॅनल. पूर्वी येणाऱ्या प्रत्येकाला घोषणापत्र भरावे लागे. एप्रिल २०१६ पासून ते फक्त शुल्कपात्र माल असणाऱ्यांना भरावे लागते. २०१९ मध्ये आलेल्या ‘अतिथी’ या मोबाइल ॲपमुळे हे घोषणापत्र उड्डाणापूर्वीच भरण्याची सोय झाली.

मर्यादेवरच्या रकमेला सरसकट एकच दर लावला जातो. मूळ शुल्क ३५ टक्के आणि त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार मिळून तो ३८.५ टक्के होतो. हा अधिभार २०१८ मध्ये आला. त्याआधी शिक्षण उपकर धरून दर ३६.०५ टक्के होता. शुल्क वस्तूच्या पूर्ण किमतीवर बसत नाही, मर्यादा ओलांडणाऱ्या भागावरच बसते. प्रवाशाच्या सामानावर वेगळा जीएसटी आकारला जात नाही.

दोन अटी अनेकांच्या नजरेतून सुटतात. पहिली, दोन प्रवाशांना आपापल्या मर्यादा एकत्र करता येत नाहीत. पती-पत्नी दोघे सोबत आले म्हणून सव्वा लाखाचा एक फोन दोघांच्या नावावर वाटून दाखवता येत नाही. दुसरी, सवलत वैयक्तिक किंवा भेट देण्याच्या वस्तूंसाठी आहे. एकाच मॉडेलचे पाच सीलबंद खोके सापडले, तर माल व्यापारी हेतूने आणल्याचा संशय येतो आणि सवलतीचा आधारच डळमळतो.

घोषणा न करता ग्रीन चॅनलमधून जाणाऱ्याकडे शुल्कपात्र माल सापडला, तर जप्ती आणि दंड या दोन्ही तरतुदी लागू होतात. बंदी नसलेला जप्त माल सोडवून घेण्यासाठी कलम १२५ खाली एक रक्कम ठरवली जाते. बाजारभावातून शुल्क वजा केल्यावर जे उरते, त्याहून ती जास्त असू शकत नाही. शुल्क आणि दंड यांखेरीज ही रक्कम भरावी लागते. माल आणायचाच नसेल, तर कलम ८० नुसार तो विमानतळावर ठेवून पावती घेता येते आणि देश सोडताना परत मिळवता येतो.

वस्तूनिहाय अपवाद

लॅपटॉपला २००४ पासून वेगळी वागणूक आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो आणि त्याची किंमत सर्वसाधारण मर्यादेत धरली जात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉप आणि टॅब्लेटच्या आयातीवर परवान्याचे बंधन जाहीर झाले, तेव्हाही प्रवाशाच्या सामानाला त्यातून वगळले होते.

दूरचित्रवाणी संचाची गोष्ट उलटी आहे. बँकॉक, दुबई, सिंगापूरहून सपाट पडद्याचे टीव्ही विमानाने आणण्याची लाट आली होती. २६ ऑगस्ट २०१३ पासून या टीव्हींना शुल्कमुक्त मर्यादेतून बाहेर काढण्यात आले. त्याच आठवड्यात रुपया तेव्हाच्या नीचांकावर गेला होता आणि चालू खात्यावरच्या तुटीची चिंता होती. या निर्णयाने टीव्हीवर पहिल्या रुपयापासून शुल्क लागू झाले.

काही वस्तूंचा प्रश्न शुल्काचा नसून परवानगीचा आहे. परदेशातून तयार ड्रोन आणण्यावर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा ही क्षेत्रे तेवढी अपवाद आहेत. उपग्रह फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आणता किंवा वापरता येत नाही. ई-सिगारेटच्या आयातीवर २०१९ च्या कायद्याने पूर्ण बंदी आहे. या वस्तूंवर शुल्क भरायची तयारी दाखवून सुटका होत नाही.

किमतीतला फरक आणि त्याचा हिशेब

परदेशी खरेदीचा मोह किमतीतल्या फरकातून येतो, आणि त्या फरकाची कारणे बरीचशी करांत आहेत. मोबाइल फोनवर १ जुलै २०१७ पासून १० टक्के मूळ सीमाशुल्क लागले. त्याच वर्षी डिसेंबरात ते १५ आणि फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात २० टक्के झाले. जुलै २०२४ मध्ये ते पुन्हा १५ टक्क्यांवर आले. जीएसटी एप्रिल २०२० पासून १२ वरून १८ टक्के झाला. भारतात जुळणी होणाऱ्या फोनला तयार फोनचे सीमाशुल्क लागत नाही, पण जीएसटी सर्वांनाच लागतो. दुसऱ्या बाजूला दुबईत मूल्यवर्धित कर ५ टक्के आहे, हाँगकाँगमध्ये असा करच नाही, आणि अमेरिकेत विक्रीकर राज्यागणिक बदलतो, ऑरेगॉनसारख्या राज्यात तो शून्य आहे. अमेरिकी दुकानात फळीवर लावलेल्या किमतीत हा कर धरलेला नसतो, भारतातल्या छापील किमतीत जीएसटी धरलेला असतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना केली, की फरक असतो त्याहून मोठा भासतो.

एक उदाहरण घेऊ. दुबईत कर धरून १ लाख रुपये किमतीचा फोन कार्डावर घेतला. कराची रक्कम सुमारे ४,७६२ रुपये. पर्यटकाला तिच्यातली ८५ टक्के, म्हणजे सुमारे ४,०५० रुपये, विमानतळावर परत मिळते. त्यातूनही थोडे प्रक्रियाशुल्क कापले जाते. कार्डावर साडेतीन टक्के परकीय चलन आकार आणि त्यावर जीएसटी धरला, तर सुमारे ४,१३० रुपये जातात. परतावा आणि आकार यांची जवळपास फिटंफाट होते. मुंबईत उतरल्यावर ७५,००० च्या वरच्या २५,००० रुपयांवर ३८.५ टक्क्यांनी ९,६२५ रुपये शुल्क लागते. फोन पडतो सुमारे १ लाख १० हजारांना. जुन्या ५०,००० च्या मर्यादेत हेच शुल्क १९,२५० रुपये होते आणि फोन सुमारे १ लाख १९ हजारांना पडला असता. भारतातली किंमत या आकड्यांच्या किती वर आहे, यावर सौदा फायद्याचा की नाही हे ठरते.

या हिशेबात न बसणाऱ्याही बाबी आहेत. वॉरंटी जगभर चालेल की विकत घेतलेल्या देशापुरती, हे कंपनी आणि वस्तू यांवर अवलंबून असते. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन २०२२ च्या मॉडेलपासून प्रत्यक्ष सिमकार्ड घेत नाहीत, केवळ ई-सिमवर चालतात. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आणि जपानात १०० व्होल्टची असते. फोन-लॅपटॉपचे चार्जर बहुतेक वेळा १०० ते २४० व्होल्टवर चालतात, पण केस वाळवण्याचे यंत्र किंवा स्वयंपाकघरातली उपकरणे २३० व्होल्टवर जळू शकतात. जीएसटी-नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला देशात घेतलेल्या उपकरणावरच्या कराची वजावट मिळते. परदेशी बिलावर ती मिळत नाही.

चर्चेतल्या मुख्य भूमिका

पहिली भूमिका प्रवाशांची आणि ग्राहकांची आहे. तिच्या मते मर्यादा महागाईशी आणि विनिमय दराशी जोडलेली नसल्याने ती काही वर्षांतच अपुरी पडते, मग अचानक वाढते आणि पुन्हा गोठते. ३८.५ टक्क्यांचा सरसकट दर वस्तूच्या खऱ्या करभाराशी जुळत नाही, हाही तिचा मुद्दा आहे. व्यापारी मार्गाने आयात झालेल्या फोनवर अधिभारासह १६.५ टक्के सीमाशुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून सुमारे ३७.५ टक्के भार पडतो, म्हणजे फोनच्या बाबतीत दोन्ही दर जवळपास सारखे आहेत. लॅपटॉपवर मात्र व्यापारी आयातीत मूळ शुल्क शून्य आणि जीएसटी १८ टक्के असतो. प्रवाशाने दुसरा लॅपटॉप आणला, तर मर्यादेवरच्या भागाला तब्बल ३८.५ टक्के लागतात.

दुसरी भूमिका देशी उत्पादक आणि दुकानदार यांची आहे. २०१६-१७ पासूनचा टप्प्याटप्प्याचा उत्पादन कार्यक्रम आणि एप्रिल २०२० ची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना यांमुळे फोनची जुळणी भारतात मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. आयफोनची जुळणी बंगळुरूत २०१७ मध्ये सुरू झाली. दुकानदाराला पूर्ण कर भरून माल विकावा लागतो. त्याच्या शेजारी बिलाविना आलेला माल स्वस्तात विकला गेला, तर स्पर्धा असमान होते, असे या बाजूचे म्हणणे आहे. सवलत सैल झाली की प्रवासभाडे आणि थोडे पैसे देऊन इतरांकडून माल आणवण्याचा धंदा फोफावतो, ही भीतीही तिच्यात आहे.

तिसरी भूमिका प्रशासनाची. ग्रीन चॅनलमधून रोज हजारो प्रवासी जातात आणि प्रत्येकाची बॅग उघडणे शक्य नसते. अधिकाऱ्याला काही क्षणांत ठरवता येईल असा साधा नियम, म्हणजे एक रक्कम आणि एक दर, इथे उपयोगी पडतो. वस्तूगणिक दर लावले, तर प्रत्येक वस्तूचे वर्गीकरण काउंटरवर करावे लागेल आणि वादाला नवे तोंड फुटेल.

चौथी भूमिका अर्थतज्ज्ञांची आहे, आणि तिच्यातही एकमत नाही. काहींच्या मते उंच आयातशुल्क हेच किमतीतल्या फरकाचे आणि चोरट्या व्यापाराचे मूळ आहे, ते उतरले की विमानतळावरचा प्रश्न आपोआप लहान होईल. नव्या उद्योगाला पाय रोवेपर्यंत संरक्षण हवे आणि मोबाइल निर्यातीतली वाढ हेच त्याचे फळ आहे, असे इतर मानतात. २०२३ मध्ये अर्थतज्ज्ञ रघुराम राजन यांनी या जुळणीतून देशात किती मूल्यवर्धन होते, असा प्रश्न उपस्थित केला. सरकारने तो आक्षेप फेटाळला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा पॅनेलने युरोपीय संघ, जपान आणि तैवान यांच्या तक्रारींवर भारताची मोबाइलसह काही वस्तूंवरची शुल्के कराराशी विसंगत ठरवली. भारताला हा निर्णय मान्य नाही. संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प असल्याने तिथे पुढचा निवाडा होण्याची वाटही बंद आहे.

इतर देशांची रीत

मर्यादा सगळीकडे आहे, तिची रचना वेगळी आहे. अमेरिकेत परतणाऱ्या रहिवाशाला ८०० डॉलरपर्यंत सूट आहे आणि एका घरात राहणारे कुटुंबीय आपल्या मर्यादा एकत्र करू शकतात. युरोपीय संघात विमानाने येणाऱ्याला ४३० युरोची मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये ती ३९० पौंड आहे, आणि एखादी वस्तू ती ओलांडत असेल तर तिच्या पूर्ण किमतीवर कर लागतो. ऑस्ट्रेलियात प्रौढाला ९०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत सूट आहे. सिंगापूरबाहेर किमान ४८ तास राहून परतणाऱ्याला ५०० सिंगापूर डॉलरची सूट आहे आणि फोन-लॅपटॉपसारख्या वस्तूंवर त्यापुढे तिथला ९ टक्के जीएसटीच तेवढा भरावा लागतो. फक्त वरच्या भागावर शुल्क घेण्याची भारतीय पद्धत ब्रिटनपेक्षा सौम्य आहे, पण दर या सर्व देशांच्या तुलनेत चढा आहे. कुटुंबाची मर्यादा एकत्र न धरण्याच्या बाबतीत भारत अमेरिकेपेक्षा कडक आहे.

न सुटलेले मुद्दे

पहिला मुद्दा वापरलेल्या आणि नव्या वस्तूतला भेद. प्रवाशाच्या वापरातल्या वस्तूंना सूट आहे. पण दोन दिवसांपूर्वी घेऊन चालू केलेला, खोका टाकून खिशात ठेवलेला फोन वापरातला मानायचा की नवा? कालावधीची किंवा अन्य ठोस कसोटी नसल्याने निर्णय काउंटरवरच्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर येतो, आणि दोन विमानतळांवर दोन उत्तरे मिळू शकतात.

दुसरा मुद्दा भारतातून नेलेल्या वस्तू परत आणण्याचा. महाग कॅमेरा किंवा लेन्स घेऊन बाहेर जाणाऱ्याला जातानाच सीमाशुल्क काउंटरवर निर्यात प्रमाणपत्र घेता येते. वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते आणि तिचा अनुक्रमांक प्रमाणपत्रावर नोंदवला जातो. परतताना क्रमांक जुळला की शुल्काचा प्रश्न उद्भवत नाही. सोय जुनी आहे, पण ती वापरणारे थोडे. प्रमाणपत्र नसेल, तर जुने भारतीय बिल पुरावा म्हणून किती ग्राह्य धरायचे, यावर एकवाक्यता नाही.

तिसरा मुद्दा मूल्यांकनाचा. बिल असेल तर ते आधार ठरते आणि सीमाशुल्क विभागाने जाहीर केलेल्या विनिमय दराने रुपयांत रक्कम काढली जाते. बिल नसेल किंवा रक्कम संशयास्पद वाटली, तर अधिकारी किंमत ठरवतो. सवलतीत घेतलेली, जुन्या फोनच्या बदल्यात मिळालेली किंवा दुरुस्त करून पुन्हा विकलेली वस्तू असेल, तर हा अंदाज वादग्रस्त होतो.

चौथा मुद्दा दाद मागण्याचा. सोन्याच्या दागिन्यांच्या प्रकरणांत दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये आधीच छापलेल्या अर्जावर प्रवाशाची सही घेऊन नोटिशीचा हक्क सोडून दिल्याचे दाखवण्याची पद्धत अमान्य केली आणि सामान नियमांचा फेरविचार करण्याची गरज सांगितली. ही तत्त्वे इलेक्ट्रॉनिक वस्तूंनाही लागू पडतात. पण दहा-वीस हजारांच्या शुल्कासाठी न्यायालयाची पायरी चढणारा प्रवासी विरळा, त्यामुळे या वस्तूंवरचे न्यायनिर्णय फारसे पुढे येत नाहीत.

शेवटचा मुद्दा मर्यादेच्या पुढच्या फेरीचा. ७५,००० ची रक्कम महागाई निर्देशांकाशी जोडलेली नाही. ती आपोआप वाढवण्याची तरतूद झाली नाही, तर २०१६ नंतर जे घडले तेच काही वर्षांत पुन्हा घडेल. मर्यादेची रक्कम वाढल्याने रोजच्या प्रवाशाचा भार हलका झाला, हे निश्चित. वापरातली वस्तू कोणती, तिची किंमत कशी ठरवायची आणि निर्णय पटला नाही तर दाद कुठे मागायची, या तीन प्रश्नांना लेखी आणि सर्व विमानतळांवर सारखी उत्तरे मिळणे अजून बाकी आहे. प्रवासी, दुकानदार आणि अधिकारी या तिघांचाही रोजचा संबंध याच उत्तरांशी येतो.